वाटसरूचें गाठोडें

गेल्या भाद्रपदांत आमच्या परिचयाचे एक तरुण गृहस्थ आठ दिवस आमच्याकडे मुक्कामास होते. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं शहरांतील भाड्याची जागा सोडली, भांडींकुंडीं व पुस्तकें वाटून टाकलीं, आणि तेव्हांपासून ते देशभर हिंडत आहेत. पाठीवर एक पिशवी. तिचें वजन सात किलोंच्या वर जाऊं द्यावयाचें नाहीं, असा त्यांचा नेम आहे. हा नेम कसा पाळला जातो हें सांगतांना त्यांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता दिसे, ती एखाद्या व्रतस्थ पुरुषाच्याच मुद्रेवर पाहावयास मिळावी. आमच्या ओसरीवर बसून, आमच्याच कपाटांकडे व माळ्याकडे दृष्टि टाकीत, वस्तूंचा मालक हा वस्तूंचा गुलाम कसा होतो हें ते आम्हांस समजावून देत. आणि आम्हांला तें बहुतांशीं पटतहि असे. ज्याच्या घरांत आजोबांच्या वेळचीं कुलुपें किल्ल्या हरवून गेल्यावरहि जपून ठेविलेलीं आहेत, त्यानें या विषयावर वाद तो काय घालावा?

पहिल्या संध्याकाळीं त्यांना पंचा लागला. दुसऱ्या दिवशीं पावसामुळें छत्री लागली. तिसऱ्या दिवशीं सदऱ्याची गुंडी तुटली, तेव्हां सुईदोरा लागला. पांचव्या दिवशीं थोडी कणकण आली, म्हणून सुंठीचा काढा, जाडी वाकळ आणि रात्रीं उशाशीं तांब्याभांडें. यांतलें कांहींच आम्हीं उपकार म्हणून दिलें नाहीं. पाहुण्यास देतात तसें दिलें. ते गेल्यावर ती वाकळ उन्हांत घालतां घालतां आमच्या सौभाग्यवती सहज म्हणाल्या, "यांनीं सामान टाकलें नाहीं हो, गांवोगांव लोकांच्या घरीं ठेवलें आहे."

आम्ही हंसलों, पण तें वाक्य मनांतून जाईना.

थट्टेचा भाग वजा केला तरी त्यांत एक प्रश्न उरतो, व तो सोपा नाहीं. थोडक्या वस्तूंवर निर्वाह करणें हा सद्गुण आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. अपरिग्रह हा योगसूत्रांतील पांच यमांपैकीं एक आणि जैनांच्या पांच महाव्रतांपैकींहि एक. तेव्हां ज्याचें गाठोडें हलकें त्याचें पुण्य अधिक, असा हिशेब आपण नकळत करूं लागतों. परंतु वस्तूची गरज नाहींशी होणें आणि वस्तु जवळ नसणें या दोन गोष्टी एक नव्हेत. छत्री देऊन टाकली म्हणून पाऊस पडावयाचा राहत नाहीं. एकानें न बाळगलेली छत्री दुसऱ्या कोणीं तरी बाळगलेली असते; तिच्या काड्या दुरुस्त करून आणलेल्या असतात, ती वाळवून खुंटीस लावलेली असते. घरीं राहणाऱ्याचें हें ओझें हिंडणाऱ्याच्या पाठीवर दिसत नाहीं, एवढेंच. मग प्रवासांतला अपरिग्रह म्हणजे परिग्रह दुसऱ्याच्या माथीं मारण्याची एक युक्ति कीं काय?

ज्यांनीं हें व्रत दोन-अडीच हजार वर्षें पाळलें, त्यांच्या ध्यानांत ही गोष्ट आली नसेल असें मानणें धाडसाचें होईल. बौद्ध भिक्षूनें जवळ बाळगावयाच्या आठ वस्तूंची यादी या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. तीन चीवरें, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचें फडकें. ज्याला सर्वस्वाचा त्याग करावयास सांगितलें, त्याच्या आठ वस्तूंत सुईला स्थान मिळावें हें प्रथम चमत्कारिक वाटतें. पण चीवर फाटणारच. आणि फाटलेल्या चीवरासाठीं दर वेळीं कोणा गृहिणीच्या दारीं जाऊन उभें राहण्यापेक्षां गुंजभर वजनाची सुई जवळ असलेली बरी, हें त्यांतलें शहाणपण आहे असें आम्हांस वाटतें. आमच्या पाहुण्यांनीं सात किलोंत सुई घेतली नव्हती. गाळण्याचें फडकें तर त्याहून पुढचें. तें भिक्षूच्या सुखासाठीं नव्हे, तर पाण्यांतले बारीक जीव पोटांत जाऊन मरूं नयेत यासाठीं. दिगंबर जैन मुनि वस्त्रहि बाळगीत नाहींत. पण दक्षिण महाराष्ट्रांत ज्यांनीं त्यांचा विहार पाहिला आहे त्यांना मोरपिसांची पिंछी ठाऊक असेल. बसण्यापूर्वीं जागा हलकेच झाडून घेऊन तिथल्या किडामुंगीस वांचवावें, याकरितां ती. म्हणजे ज्यांची यादी जगांत सर्वांत तोकडी, त्यांनीं तींत एखादी वस्तु तरी परक्यासाठीं ठेवली.

अन्नाच्या बाबतींत मात्र त्यांनीं उलट नियम केला. उद्यांचें अन्न आज सांठवूं नये. सुईपुरता स्वावलंबी असलेला भिक्षु भाकरीपुरता रोज परावलंबी राहिला पाहिजे, अशी ही योजना होती. आणि तिचा उपयोग केवळ भिक्षूच्या मनाला नम्र करण्यापुरता नव्हता. कौशांबीच्या भिक्षूंची कथा विनयपिटकांत आली आहे. तेथील संघांत एका क्षुल्लक कारणावरून तट पडले, प्रत्यक्ष बुद्धानें समजाविलें तरी भांडण मिटेना, आणि बुद्ध त्यांना सोडून निघून गेला. तेव्हां गांवच्या उपासकांनीं या भिक्षूंना नमस्कार करण्याचें व भिक्षा घालण्याचें थांबविलें. उपदेशानें जें झालें नाहीं तें रिकाम्या पात्रानें झालें; भिक्षु श्रावस्तीस जाऊन बुद्धापुढें उभे राहिले आणि भांडण मिटलें. ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याच्यावर ज्याच्याजवळ आहे त्याचा हा हक्क होता, आणि तो उघडपणें मानलेला होता. देणाऱ्यास "नाहीं" म्हणतां येत असे.

आपल्याकडील माधुकरी या शब्दांतहि हीच दृष्टि आहे. भुंग्यानें फुलाफुलांतून थोडें थोडें घ्यावें, फुलाला इजा होऊं देऊं नये. एका घरीं पोट भरावयाचें नाहीं, पांच घरीं फिरावयाचें. घेण्यालाहि माप होतें.

आतां आमच्या तरुण मित्राच्या पिशवीकडे वळूं. तींत दोन सदरे, दोन विजारी, एक पातळ पांघरूण, दंतमंजन, मोबाइल, आणि बँकेचें एक कार्ड. या शेवटच्या वस्तूचें वजन चार-पांच ग्रॅमच्या वर नसेल. परंतु वस्तुतः तेंच त्यांचें घर, तेंच त्यांचें कोठार, तीच त्यांची छत्री. पाहिजे त्या गांवीं, पाहिजे त्या क्षणीं तें कार्ड जेवण होतें, बिछाना होतें, परतीचें तिकीट होतें. भिक्षूनें उद्यांचें अन्न सांठवावयाचें नाहीं. यांनीं पुढील कित्येक वर्षांचें अन्न सांठवून तें अदृश्य केलेलें आहे. आम्ही हें दोष म्हणून सांगत नाहीं. ज्यानें त्यानें आपली मिळकत जशी वाटेल तशी ठेवावी. मात्र पिशवी तोलून पाहणाऱ्यानें या कार्डाचें खरें वजन हिशेबांत धरलें पाहिजे, नाहींतर तो तराजू खोटा. आणि हा खोटा तराजू केवळ नव्या लोकांचा आहे असेंहि नव्हे. आळंदीहून पंढरीस निघालेला वारकरी खांद्यावर पताका व गळ्यांत टाळ घेऊन नाचत जातो. त्याच्या दिंडीचे तंबू, शिधा, पातेलीं आणि गॅसच्या टाक्या घेऊन मालमोटार अगोदरच मुक्कामावर पोंचलेली असते. फरक इतकाच कीं वारकरी ती मालमोटार लपवीत नाहीं, आणि तिचा खर्च दिंडीच्या भिशींत रीतसर भरतो.

दीर्घ प्रवास आणि थोडें सामान यांची खरी कसोटी आपल्याला ठाऊक असलेल्या एकाच वाटेवर लागते, असें आम्हांस वाटतें. ती नर्मदेच्या परिक्रमेची. नर्मदा १३१२ किलोमीटर लांब. ती उजव्या हाताला ठेवून एका तीरानें जावयाचें व दुसऱ्या तीरानें परतावयाचें. मध्यें पात्र ओलांडावयाचें नाहीं. मुखापाशीं मात्र नावेनें पलीकडे जावयाचें. चातुर्मासांत एके जागीं थांबावयाचें. परंपरेनें या यात्रेला तीन वर्षें, तीन महिने व तेरा दिवस लागावेत असें मानलेलें आहे, आणि तिला निघणाऱ्यांत मराठी माणसें पूर्वींपासून पुष्कळ. वाटेवर सदावर्तें असतात. त्यांतून पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो. जेथें सदावर्त नाहीं तेथें एखादें खेडें, एखादी झोंपडी. परिक्रमावासी दाराशीं येऊन "नर्मदे हर" म्हणतो, आणि आंतून तोच शब्द उत्तरादाखल येतो.

या वाटेवर शूलपाणीची झाडी म्हणून जो प्रदेश आहे, त्याचा दक्षिण तीरावरील कांहीं भाग आज आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत मोडतो. तेथें पूर्वीं परिक्रमावासीयांस भिल्ल अडवीत आणि लंगोटीखेरीज सर्व कांहीं काढून घेत. भांडें, घोंगडी, शिधा, अंगावरचा सदरा. परिक्रमावासी त्यांना मामा म्हणत, कारण नर्मदा ही आई. लुटले जाणें हा परिक्रमेचाच एक विधि समजला जाई. जो अहंकार उरला असेल तोहि मैया येथें उतरवून घेते, असा त्याचा अर्थ लावीत. हा अर्थ मोठा सुंदर आहे, आणि त्यानें कित्येकांच्या मनाला खरोखरच बळ दिलें असेल. परंतु तो लुटल्या गेलेल्याच्या बाजूनें लावलेला अर्थ आहे. दुसऱ्या बाजूनें पाहावें तर काय दिसतें? ज्यानें थोडक्या वस्तूंचें व्रत घेतलें आहे असा मनुष्य झाडींतून येत आहे, आणि त्याच्या गाठोड्यांत एक घोंगडी, एक तांब्या व दोन शेर पीठ आहे. जो त्यास अडवितो त्याच्या झोंपडींत तेवढेंहि नाहीं. व्रतस्थाचें दारिद्र्य हें त्या मामाच्या दृष्टीनें सावकारीच होती. आपल्या अपरिग्रहाची मोजणी आपण नेहमीं आपल्याहून अधिक बाळगणाऱ्याशीं करतों. त्या झाडींत ती प्रथमच आपल्याहून कमी असलेल्याशीं होई.

पुढें सरदार सरोवराचें धरण झालें. १९६१ सालीं पायाभरणी झालेल्या या धरणाचें लोकार्पण २०१७ सालीं झालें. शूलपाणेश्वराचें जुनें देऊळ, वाटेचा मोठा भाग आणि आदिवासींचीं कित्येक गांवें त्या जलाशयाखालीं गेलीं. ज्यांच्या पूर्वजांनीं वाटसरूंचीं गाठोडीं उतरविलीं, त्यांना स्वतःचीं गाठोडीं बांधून निघावें लागलें. त्यांच्या त्या निघण्याला परिक्रमा म्हणण्याचें मात्र कोणाला सुचलें नाहीं.

येथें आमच्या विचारावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. सर्वच वाटसरू सुई, छत्री व शिधा घेऊन निघाले, तर आतिथ्य नांवाची गोष्ट उरेल कोठें? ज्याला कोणाचेंच कांहीं लागत नाहीं असा पाहुणा आल्यानें घराला आनंद होत नाहीं. सदावर्त चालविणाऱ्याला रिकामी झोळी हवी असते. आमच्या सौभाग्यवतींनीं तो सुंठीचा काढा किती हौसेनें केला हें आम्हीं पाहिलें आहे. थट्टा त्यांनीं मागाहून केली. देण्याची संधि देणें हेंहि एक देणें आहे, आणि गाठोडें हलकें ठेवणारा तें जन्मभर देत असतो. हें सर्व आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, त्यानें आपण घेत आहों हें विसरूं नये. मीं जग सोडलें असें म्हणत जगाच्या पंक्तीस बसूं नये.

हलक्या गाठोड्याच्या मोबदल्यांत जाणाऱ्यानें वाटेवर कांहीं तरी ठेवून जावें, हें ज्यांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं असे लोक आपल्याच घाटावर आहेत. दसरा झाला कीं दुष्काळी मुलखांतले मेंढपाळ धनगर कळप घेऊन कोंकणाच्या वाटेला लागतात, ते वळवाच्या सुमारास माघारीं येतात. सारा संसार एका घोड्यावर. भांडीं, घोंगडीं, वाघर, आणि कधीं कधीं वर बसविलेलें लेंकरू व कोंबडी. ज्या शेतांत रात्रीं मेंढरें बसतात, त्या शेताला लेंडीखत मिळतें. शेतकरी त्याबद्दल धान्य वा पैसे देतो. पाहुणा कोण आणि यजमान कोण हें येथें सांगणें कठीण. रासायनिक खतांचीं पोतीं आल्यापासून पुष्कळ ठिकाणीं हा व्यवहार विसकटला, आणि ज्या बांधावर मेंढरांची वाट पाहत तेथेंच आतां त्यांना हटकतात. वाटसरूजवळचें देणें घेण्यास कोणी नसलें कीं, तो एका रात्रींत उपरा होतो.

आणि ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें? बीड, अहिल्यानगर आदि जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हीं निघतात, व चार-सहा महिने कारखान्याच्या आसपासच्या रानांत पाचटाच्या वा ताडपत्रीच्या कोपींत राहतात. गाडीवर अंथरुणें, पिठाचा डबा, चार भांडीं, कोयता आणि मुलें. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत परतणें नाहीं. नवराबायकोच्या जोडीला हिशेबांत एक कोयता म्हणतात. इतक्या कोयत्यांची टोळी, इतक्या कोयत्यांची उचल. वस्तू इतक्या कमी, कीं माणसेंच वस्तूंत मोजलीं गेलीं. आमच्या मित्राच्या आणि यांच्या सामानाची यादी कोणीं शेजारीं शेजारीं लिहिली, तर दोहोंत फारसा फरक दिसणार नाहीं; आणि तरीहि या दोन प्रवासांना एका नांवानें हांक मारण्यास आमची जीभ धजत नाहीं. एकाला आपला नेम कोणत्याहि संध्याकाळीं मोडतां येतो, दुसऱ्यास तो मोडतां येत नाहीं. जें सोडतां येतें त्यालाच व्रत म्हणावें. आणि थोडक्या वस्तूंची थोरवी गातांना ज्याच्यापुढें आपण ती गात आहों तो कोपींत राहून आलेला तर नाहीं ना, एवढें तरी पाहून घ्यावें.

कर्जापायीं घराबाहेर पडलेला एक वाटसरू मराठी वाङ्मयांत अमर झालेला आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घरचें ऋण फिटावें म्हणून दक्षिणेच्या आशेनें काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानांत गेले, बंडाच्या वणव्यांत सांपडले आणि लुटले गेले. त्यांची हकीकत १९०७ सालीं 'माझा प्रवास' या नांवानें छापली गेली. द्रव्य मिळवावयास गेलेला हा मनुष्य परत आला तो खांद्यावर गंगोदकाची कावड घेऊन. आणि त्या पाण्यानें त्यानें आईबापांना स्नान घातलें. प्रत्येक शेर वजनाचा विचार करीत शेंकडों कोस चालणाऱ्यानें पाण्यासारखी जड वस्तु खांद्यावर घ्यावी, हें हलक्या सामानाच्या कोणत्याहि शास्त्रांत बसत नाहीं. आम्हांस मात्र त्या सबंध पुस्तकांत ती कावडच अधिक आठवते.

हें लिहिण्यास एक निमित्त झालें, तें सांगावयाचें राहिलें. आमचे तरुण मित्र कार्तिकांत ओंकारेश्वराहून परिक्रमेस निघाले. या वेळीं त्यांनीं तें कार्ड घरीं भावाजवळ ठेवलें आहे, असें समजतें. गेल्या महिन्यांत त्यांचें पत्र आलें. मोबाइलवर नव्हे, कागदावर, पेन्सिलीनें लिहिलेलें. एका वस्तीवर संध्याकाळीं ते एका म्हातारीच्या दारीं उभे राहिले. तिनें ओसरीवर जागा दिली व ती आंत पीठ काढावयास गेली. आंतून वाटी डब्याच्या तळाला घासल्याचा आवाज आला. पुन्हां एकदां आला. ते म्हणाले, आज आम्हांस भूक नाहीं. म्हातारी रागावली, परिक्रमावासी आपल्या दारून उपाशी जाणार म्हणजे काय, म्हणाली. त्यांनीं दोन भाकरी खाल्ल्या. म्हातारी स्वतः जेवली किंवा नाहीं हें अंधारांत त्यांना दिसलें नाहीं. सकाळीं त्यांनीं जवळचे थोडे पैसे पुढें केले, ते तिनें घेतले नाहींत. "त्या भाकरी मीं खावयास हव्या होत्या कीं नको होत्या? आपण गृहस्थ आहांत, म्हणून आपणांस विचारतों," असें त्यांनीं लिहिलें आहे.

पत्राला तीन आठवडे होत आले. घेणेंहि बरें नव्हतें आणि नाकारणेंहि बरें नव्हतें, एवढें लिहून तें पाकिटांत घालण्याची आम्हांस लाज वाटते. परवां सौभाग्यवतींना पत्र वाचून दाखविलें. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "सकाळीं निघायच्या आधीं त्यांनीं तिला नदीवरून पाणी तरी आणून दिलें का?"

पत्र पुन्हां वाचून पाहिलें. त्याविषयीं त्यांत कांहीं नाहीं.